डाव्या टायरची आतली कड

शालन,

तुझा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी दुकान उघडलं. वैशाली म्हणत होती, "आबा, महिनाभर तरी थांबा की." पोरीला काय सांगणार? घरात बसून राहिलं की स्वयंपाकघरात भांडं वाजत नाही, ते न वाजणंच दिवसभर ऐकू येत राहतं. म्हणून निघालो.

सणसरच्या घरून पिंपळीच्या दुकानापर्यंत एकटाच गाडी चालवत आलो. वैशालीनं करून दिलेला डबा शेजारच्या सीटवर ठेवला होता. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या पुढं होत्या, एकीला ओलांडताना ब्रेक मारला आणि डबा खाली पडला. आमटी सांडली. तू असतीस तर डबा तुझ्या मांडीवर असता, एवढंच मनात आलं. दुकानापर्यंत काच खाली करून आलो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून शाळेचे शिंदे मास्तर आले. गाडी डावीकडं ओढते म्हणाले. गावातलेच, त्यामुळं तुझं त्यांना ठाऊक होतं. मी गाडी खड्ड्यावर घेतली, चारी चाकांना मशीनचे पंजे लावले, स्टेअरिंग सरळ करून बांधलं आणि पाना घेऊन खाली उतरलो. नट सैल केला, दांडी जराशी फिरवली आणि सवयीनं ओरडलो, "किती?"

वरून मास्तर म्हणाले, "काय किती, माणिकराव?"

मी पाना हातात धरून खाली तसाच उभा राहिलो. अकरा वर्षं मी खालून "किती" म्हणालो आणि वरून तुझा आवाज आला. "अजून. अजून जरा. थांबा, जास्त झालं, मागं घ्या. बास." खड्ड्यातून मला मशीनचा पडदा कधी दिसलाच नाही. चाकं एकमेकांकडं तोंड करून चालतात की फाकून, ते मी तुझ्या आवाजावरून ओळखायचो. काटा हिरव्यात आला की तुझा आवाज खाली यायचा, हे तुला माहीत होतं का? मी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी मी स्वतःच वर चढून पडदा बघितला, पुन्हा खाली उतरलो, दांडी फिरवली, पुन्हा वर. किती वेळा चढलो-उतरलो ते मोजलं नाही, गुडघे बोलायला लागले. मास्तर म्हणाले, "मला सांगा की, मी वाचून दाखवतो." मी नको म्हणालो. का नको ते मलाही सांगता आलं नसतं. गाडी सरळ झाली. मास्तर गेल्यावर मी तुझ्या खुर्चीवर बसलो नाही, पायरीवर बसलो.

मशीन आलं तेव्हाचं आठवतं? कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवायला आला होता. त्यानं मला शिकवलं आणि शिकलीस तू. मी सातवी शिकलेला, पडद्यावरची इंग्रजी अक्षरं बघून मला घाम फुटायचा. तू त्या माणसाला चहा द्यायला यायचीस आणि कप हातात घेऊन मागं उभी राहायचीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, आता तुम्ही करून दाखवा. माझं बोट चुकलं. मागून तू म्हणालीस, "त्ये न्हाय, खालचं बटान." तो माणूस हसला आणि खुर्चीवरून उठला. "वहिनी, तुम्हीच बसा." तू पदर खोचून बसलीस, ती बसलीसच.

मला आधी बरं वाटलं नाही, हे आज सांगतो. मी पंधरा वर्षं दोरी लावून चाकं सरळ केली होती. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची, एक डोळा मिटायचा आणि बघायचं. या रस्त्यावर माझ्या नजरेचं नाव होतं. मशीन आल्यावरही मी आधी दोरी लावून बघायचो आणि तुला म्हणायचो, "बघ, माझं न् तुझ्या पडद्याचं सारखंच आलं." तू म्हणायचीस, "मग पडदा कशाला आणला? देऊन टाका परत." हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की शेजारच्या टपरीवरच्या भाऊसाहेबाला ते पाठ झालं होतं. त्याचा निकाल काही लागला नाही.

टायरचे ते तीन तुकडे अजून भिंतीवर आहेत. तूच मागून घेऊन कापायला लावले होतेस. गिऱ्हाईक आलं की तू त्याला भिंतीपाशी न्यायचीस. "हा मधनं झिजलाय, म्हंजी हवा जास्त. ह्याच्या दोन्ही कडा गेल्यात, म्हंजी हवा कमी. आन् ह्याची एकच कड गेलीय, म्हंजी चाकच वाकडं चालतंय. आता तुमचा कुठला हाय त्ये तुमीच सांगा." चांगले मिशावाले बागायतदार तुझ्यापुढं शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे. सुरुवातीला बाई मशीनवर बसलेली बघून दोघं-तिघं गाडी वळवून गेले होते. पुढं त्यातलाच एक फोन करून विचारायचा, "वहिनी हायत्या का आज? मग येतो." मी असलो तरी चाललं असतं की नाही, ते त्यानं विचारलं नाही.

आणि तू स्वतः कधी गाडी चालवली नाहीस. तालुक्यातल्या अर्ध्या गाड्यांची चाकं तू सरळ केलीस, पण काम झाल्यावर चक्कर मारून बघायला मी जायचो. तू म्हणायचीस, "एकदा मला बघू द्या. सरळ रस्त्यावर स्टेरिंग सोडल्यावर गाडी कशी जाती, त्ये हाताला कळू द्या." मी म्हणायचो, गिऱ्हाइकाची गाडी आहे. मग तू म्हणालीस, आपल्या गाडीवर शिकवा. मी म्हणालो, शिकवतो, ऊस तुटून जाऊ दे, रस्ता मोकळा होऊ दे. अकरा वेळा ऊस तुटून गेला. मुद्दाम टाळलं असंही नाही. तू डावीकडं बसलेली बरी वाटायचीस, एवढंच. हे कारण म्हणून सांगण्यासारखं नाही, म्हणून तेव्हा सांगितलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. तुला कळलं असेल मी कुठं निघालोय ते.

मशीन घेऊन तिसरं वर्ष होतं. बावड्याचे हणमंतराव, खत-बियाणांचं दुकान असलेले, बायकोला घेऊन बारामतीला साड्या घ्यायला आले होते. त्याच दुपारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे बावड्याला येणार होते. परत जाताना गाडी डावीकडं ओढायला लागली म्हणून आपल्याकडं थांबले. तू पडद्यावर बघून म्हणालीस, "डावं चाक हिरव्यात येणार न्हाय. चाक धरणारा खालचा आर्म वाकलाय. कुठंतरी खड्ड्यात जोरात गेलीय गाडी." मग तू उठून स्टेअरिंग पूर्ण वळवलंस आणि वाकून डाव्या टायरच्या मागं हात घातलास. बाहेरून टायर नव्यासारखा होता. आतली कड पार गेली होती. तुझ्या बोटाला टायरमधली तार लागली, रक्त आलं. ते बोट तू पदराला पुसलेलं मला आठवतं.

"गाडी सोडू नगा," तू म्हणालीस. "निदान स्टेपनी तरी लावा."

स्टेपनी डिकीत खाली आणि तिच्यावर सामान. फळांच्या टोपल्या, मिठाईचे खोके, साड्यांचं गाठोडं. हणमंतरावांनी घड्याळ बघितलं. "पावणे घरी येऊन बसत्याल, वहिनी." तू म्हणालीस, "मी उतरवते सामान. धा मिनिटं लागत्यात." आणि तू डिकीकडं निघालीही होतीस.

मी म्हणालो, "जाऊ दे गं. हळू जात्याल. दादा, उद्या आणा गाडी, आर्म बदलून देतो."

तू माझ्याकडं बघितलंस. मग बाजूला झालीस.

इंदापूरच्या पुढं टायर फुटला. गाडी कडेच्या पाण्याच्या चारीत गेली. हणमंतरावांना खरचटलं, कुसुमताईंचा डावा हात कोपरात मोडला. पाहुणे बावड्याला येऊन बसले होते ते तसेच उठून गेले. मुलीचं नंतर दुसरीकडं चांगलं जमलं, पण ताईंचा हात काही सरळ झाला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी हणमंतराव दुकानात आले. सात-आठ माणसं होती, भाऊसाहेबही होता. तू मशीनवर बसली होतीस. ते माझ्याकडं बघून पण तुला ऐकू जाईल असं बोलले, "बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय हुणार?"

माणूस दुखावलेला होता. त्या दिवशी आपण काय बोललो होतो ते त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, किंवा राहिलं असलं तरी त्यांना कुणावर तरी बोलायचं होतं. मी तिथं सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. "ती थांबवत होती, गाडी मी सोडली." तू माझ्याकडं बघत होतीस. वाट बघत होतीस म्हण. आणि मी म्हणालो, "चूक झाली, दादा. हितनं पुढं मी सोता बघत जाईन."

तू पडदा बंद केलास. त्याच्यावर फडकं टाकलंस, चारी कोपरे नीट ओढलेस आणि मागच्या बाजूला हात धुवायला गेलीस.

त्या दिवशी घरी जाताना तू बोलशील असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तू बोलावंस असं वाटत होतं. तू भांडली असतीस तर मीही चार शब्द बोललो असतो आणि त्यात एखादा खरा शब्द निघून गेला असता. तू भाकरी केलीस, मला वाढलीस, ताटातलं वांगं बरं झालंय का ते विचारलंस. दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलीस आणि दुकानात येऊन मशीनवर बसलीस. आठ वर्षं गेली, तू तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही.

फक्त तेव्हापासून एक झालं. कुठलीही गाडी आली, कितीही घाईतली असली, तरी तू मालकाला चाकापाशी वाकायला लावायचीस. "आतनं हात घाला. माझ्यावर इस्वास ठिवू नगा, तुमच्या हातानं बघा." पांढऱ्या कपड्यातले लोक कुरकुरायचे. तू त्यांना जुना नॅपकिन द्यायचीस. मी खड्ड्यात उभा राहून ऐकायचो, आणि दर वेळी ते मलाच म्हणतेस असं वाटायचं. तसं तू म्हणत होतीस का? विचारायचं राहिलं.

दवाखान्यातले तीन दिवस मी तुझ्याजवळ बसून होतो. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, डोळे मिटले असले तरी कधीकधी ऐकू जातं. मी बोललो. वैशाली निघालीय म्हणालो. मशीन सर्व्हिसिंगला आलंय म्हणालो. मोगऱ्याला कळ्या आल्यात म्हणालो, त्या आल्या नव्हत्या. ते एक वाक्य ओठापर्यंत यायचं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक बसलेले असायचे, मला वाटायचं ते उठून गेले की बोलू. चहाला तरी जातील. तिसऱ्या दिवशी ते जेवायला गेले तेव्हा नर्सनं मला बाहेर थांबायला सांगितलं.

दुकान उघडल्यावर तिसऱ्या दिवशी मी शटर खाली ओढलं आणि बावड्याला गेलो. इंदापूरच्या पुढं ती चारी आली. आता तिथं कडेला कठडा बांधलाय. मी थांबलो नाही.

हणमंतराव दुकानात होते. आता थकलेत, कानाला यंत्र आहे. मला बघून उठले. "माणिकराव, या. कळलं आमाला. याला पायजे हुतं, पन हिचा हात..." घर दुकानाच्या मागंच. आत नेऊन बसवलं. कुसुमताई उजव्या हातानं पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. डावा हात पोटाशी वाकलेला, तसाच.

मी पाणी प्यायलो नाही. म्हणालो, "दादा, एक सांगायचं हाय. त्या दिवशी शालननं गाडी सोडू नगा म्हणून सांगितलं हुतं. सामान उतरवायला ती निघाली हुती. सोडली मी. आन् तुमी दुकानात आला तवा मी गप बसलो."

हणमंतराव बराच वेळ यंत्र कानात नीट करत राहिले. ऐकू आलं नाही की काय म्हणून मी पुन्हा सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

कुसुमताई म्हणाल्या, "मला ठाव हाय, भाऊ."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"शालनबाई आली हुती दवाखान्यात. दोनदा. एस्टीनं. तुमाला न्हाय सांगितलं?"

मला नव्हतं सांगितलं. तू बहिणीकडं इंदापूरला जाऊन येते म्हणाली होतीस, तेच दोन दिवस असणार.

"मी चिडलेलीच हुते," ताई म्हणाल्या. "म्हणलं, बाई, तू मशीनवर हुतीस, तुला दिसलं न्हाय का? तर म्हणली, दिसलं हुतं. मग का सोडलीस म्हणलं. म्हणली, आमी सोडली. म्हणलं, आमी म्हंजी कोन? तू का त्यो? तर म्हणली, ताई, दुकान आमचं दोघांचं हाय. आमी सोडली. चूक आमची. ह्याच्यापुढं काय बोलली न्हाय. माझी येणी घातली तिनं. हात बांधलेला, आठ दिवस केस तसंच हुतं माझं."

हणमंतरावांनी विचारलं, "मला का न्हाय सांगितलंस?"

"तिनं नगं म्हणलं. म्हणली, आमच्या ह्यांना रोज त्याच रस्त्याला दुकानात बसायचं असतंय."

मग चहा आला. हणमंतरावांनी बशीत ओतला आणि तो तसाच थंड होऊ दिला. निघताना ते गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "चारचौघांत बोललो मी तिला. दोनदा गाडी घिऊन निघालो हुतो तुमच्याकडं. वाटंतनं फिरलो." मी मान हलवली. आम्ही दोघंही एकमेकांना बरं वाटेल असं काही म्हणू शकलो नाही.

येताना मला तुझा राग आला, शालन. खरंच आला. तू कुसुमताईंना सांगितलंस, त्यांची वेणी घातलीस आणि माझ्याशेजारी आठ वर्षं डबा धरून बसलीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, की तुमचं चुकलं. मी कबूल झालो असतो. निदान झालो असतो असं आज वाटतंय. पण सणसर जवळ आलं तसा राग राहिला नाही. तो धरून ठेवायलाही समोर माणूस लागतं.

घरी गेलो. वैशाली सकाळीच सासरी परतली होती. कुलूप काढलं. दोन वेळचा भात एकदाच लावला. जेवताना मोठ्यानं म्हणून बघितलं, "आमची न्हाय, माझी चूक." भिंतीला ऐकवल्यासारखं झालं. हे असं घरात बसून म्हणायचं नव्हतंच. ते दुकानात म्हणायचं होतं, तू बसलेली असताना, माणसं उभी असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर पाच-सहा जण होते. दोघं गाडी घेऊन आलेले, बाकीचे टपरीवरचे. भाऊसाहेब चहा देत होता. मी शटर वर केलं, मशीनवरचं फडकं काढलं, पडदा चालू केला आणि तिथंच उभा राहून सांगितलं. हणमंतरावांची गाडी, टायरची कड, डिकीतलं सामान, मी काय म्हणालो आणि नंतर काय म्हणालो नाही, सगळं. आवाज माझा नेहमीचाच होता.

सांगून झाल्यावर भाऊसाहेब म्हणाला, "वहिनी गाडी सोडणाऱ्यातल्या न्हवत्याच. आमाला वाटलंच हुतं." मग तो कप गोळा करायला लागला. एकानं घसा साफ केला. दुसऱ्यानं विचारलं, "माझी घेताय का आधी? मला भिगवणला जायचंय."

मी त्याची गाडी खड्ड्यावर घेतली.

आठ वर्षं ज्याला भीत होतो, ते सांगून व्हायला एक चहा संपतो तेवढा वेळ लागला. सगळ्यांनी ऐकलं. जिनं ऐकायला पाहिजे होतं, ती तेवढी तिथं नव्हती.